सहा जिवांची ठेव

१९७१ साल. आसामच्या उत्तर सीमेवर, भूतानच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी बर्नदीचे गवताळ रान आहे. कोरड्या ऋतूत त्या रानाला वणवा लागला. पुरुषभर उंचीचे वाळलेले गवत धडधडून पेटले आणि त्यात दडलेले जीव वाट फुटेल तिकडे धावत सुटले. त्यांपैकी काही लहानखुऱ्या, काळसर तपकिरी डुकरांनी जवळच्या एका चहामळ्याचा आसरा घेतला. मळ्यातील मजुरांनी त्यांना पकडले आणि नेहमीच्या शिकारीप्रमाणे ती स्थानिक बाजारात विक्रीस आली. प्रथमदर्शनी ती रानडुकराची पिल्ले वाटावीत अशीच होती. परंतु ती पिल्ले नव्हती. पूर्ण वाढ झालेली डुकरे होती. ज्या प्राण्याचा वंश पृथ्वीतलावरून नाहीसा झाला असावा, अशी भीती प्राणिशास्त्रज्ञांना वाटत होती, तो प्राणी बाजारात विक्रीला आला होता!

हा प्राणी म्हणजे बुटके रानडुक्कर. इंग्रजीत त्याला ‘पिग्मी हॉग’ म्हणतात. वन्यजीव म्हटले की वाघ, हत्ती, गेंडा, सिंह ही नावे आपल्या ओठांवर येतात. आसामला जाणारा पर्यटकही गेंडा पाहून धन्य होतो. त्याच गेंड्याच्या पायाशी, त्याच गवतात, जगातील सर्वांत लहान रानडुक्कर राहते याची अनेकांना कल्पनाही नसते. या छोट्या जिवाला वाचवण्यासाठी गेली जवळजवळ तीन दशके जे प्रयत्न चालले आहेत, त्यांची हकिगत मोठी उद्बोधक आहे.

टकळीच्या आकाराचे डुक्कर

आपल्या परिचयाचे रानडुक्कर चांगले दांडगे असते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन शंभर किलोच्याही पुढे जाते. बुटके रानडुक्कर मात्र खांद्यापाशी जेमतेम २५ सेंटिमीटर उंच भरते, म्हणजे शाळकरी मुलाच्या फूटपट्टीहूनही कमी. लांबी साधारण ५५ ते ७० सेंटिमीटर, आणि वजन सहा-सात किलोपासून फार तर अकरा-बारा किलोपर्यंत. वर्षभराच्या बाळाएवढाच हा भार. शेपटी तर केवळ अडीच सेंटिमीटरांची.

त्याच्या शरीराची घडण मात्र मोठी अर्थपूर्ण आहे. तोंडाकडे निमुळते आणि मागील बाजूस गोलसर असे हे शरीर दाट गवताच्या बुंध्यांतून वाट काढण्यासाठीच जणू घडवलेले असते. आसामी भाषेत त्याला ‘टाकुरी बरा’ असे एक नाव आहे. टाकुरी म्हणजे सूत कातण्याची चाती, आपली टकळी. बोडो भाषेतील ‘ओमा थाक्री’ हे नावही याच जातीचे. गवताच्या दाटीतून सरकन निसटणाऱ्या या निमुळत्या प्राण्याला याहून समर्पक नाव शोधूनही सापडले नसते. ‘नल गाहरी’ हे त्याचे आणखी एक आसामी नाव असून त्यात नळगवताशी असलेले त्याचे नाते आलेले आहे.

दिवसाउजेडी हा प्राणी मुळे, कंद, कोवळे कोंब, किडे, गांडुळे, पक्ष्यांची अंडी असे जे मिळेल ते उकरून खातो. एक-दोन माद्या आणि त्यांची पिल्ले असे त्याचे चार-पाच जणांचे छोटे कुटुंब असते. प्रौढ नर एकटाच, पण कुटुंबापासून फार दूर नसतो. पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेच्या सुमारास मादी विते. एका वेळी साधारण तीन ते सहा पिल्ले होतात. जन्मतः पिल्लाचे वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम, म्हणजे तळहातावर मावेल एवढे.

त्याची सर्वांत लक्षणीय सवय म्हणजे घर बांधणे. इतर रानडुकरांत प्रामुख्याने विण्याच्या वेळी मादी घरटे करते. बुटके रानडुक्कर मात्र नर असो वा मादी, बाराही महिने घरट्यातच झोपते. तोंडाने आणि खुरांनी ते जमिनीत उथळ खळगा करते, त्यात वाळलेले गवत अंथरते, वरून गवताचेच छप्पर घालते. थंडीत ऊब, उन्हात सावली, आणि शत्रूपासून आडोसा अशी तिहेरी सोय या घरट्यात होते. गवत हेच त्याचे अन्नाचे कोठार, हेच छप्पर आणि हीच तटबंदी.

शास्त्राच्या दप्तरी नोंद

या प्राण्याची शास्त्रीय नोंद सर्वप्रथम ब्रायन हॉजसन यांनी केली. नेपाळमध्ये ब्रिटिश रेसिडेंट म्हणून राहिलेले हॉजसन निसर्गाचे चिकित्सक अभ्यासक होते. १८४७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘पोर्क्युला साल्वेनिया’ हे नाव दिले. नावाचा दुसरा भाग हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या सालवृक्षांच्या अरण्यावरून आलेला आहे.

हॉजसन यांनी त्याला नेहमीच्या डुकरांपासून वेगळ्या प्रजातीत ठेवले होते. पुढे अनेक वर्षे त्याची गणना सामान्य डुकरांच्या प्रजातीतच होऊ लागली. हे केवळ एक खुजे डुक्कर आहे, असा त्यामागचा समज. २००७ मध्ये आनुवंशिक तपासणीच्या आधारे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हॉजसन यांचेच म्हणणे योग्य होते. या प्रजातीतील हा एकमेव प्राणी आहे. त्याला जगात सख्खे भावंड नाही. ही एक जात नष्ट झाली, तर तिच्याबरोबर जीवसृष्टीच्या वृक्षाची एक अख्खी फांदी तुटेल.

या नुकसानीची व्याप्ती आणखी एका बाबीवरून ध्यानात येते. बुटक्या रानडुकराच्या अंगावर एक विशिष्ट जातीची ऊ राहते, आणि ती दुसऱ्या कोणत्याही प्राण्यावर जगत नाही. डुक्कर संपले की तीही संपणार. उवेसाठी कोण अश्रू ढाळणार, असे कोणी म्हणेल. पण एक खाते बंद झाले की त्यावर अवलंबून असलेली दुसरी खातीही कशी आपोआप बंद होतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

गवत सरले, डुक्कर सरले

एके काळी हा प्राणी हिमालयाच्या पायथ्याच्या तराई पट्ट्यात उत्तर प्रदेश, नेपाळ, बिहार, उत्तर बंगाल ते आसामपर्यंत पसरलेला होता. हा प्रदेश सुपीक. पाण्याची विपुलता, नद्यांनी आणलेली गाळाची जमीन. त्यामुळे शेती, वस्त्या, चहामळे आणि वृक्षलागवड यांसाठी पहिली कुऱ्हाड पडली ती उंच गवताच्या रानांवर. झाडे तोडली तर जंगल गेल्याची हळहळ वाटते. गवत काढले तर जमीन ‘साफ’ झाली असे आपण म्हणतो. या एका शब्दात बुटक्या रानडुकराच्या दुर्दशेचे कारण सामावलेले आहे.

ही दृष्टी केवळ आसामपुरती नाही. महाराष्ट्रातही माळरानाकडे ‘पडीक जमीन’ म्हणूनच पाहण्याची सवय आहे. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळील नान्नजचे अभयारण्य प्रसिद्धीस आले, तरी त्या पक्ष्याची पीछेहाट थांबली नाही. गवताळ प्रदेश हा जंगलाइतकाच परिपूर्ण अधिवास आहे, ही जाणीव आपल्याला फार उशिरा झाली.

१९७१ च्या पुनःशोधानंतर या दुर्मीळ प्राण्याविषयी जगभर कुतूहल निर्माण झाले. पुढील काही वर्षांत काही डुकरे युरोपातील प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आली. तिथे त्यांची वीणही झाली, परंतु वंश टिकला नाही. दरम्यान आसाममध्येही एकामागून एक ठिकाणांहून हा प्राणी दिसेनासा झाला आणि १९९० च्या दशकापर्यंत मानस हाच त्याचा शेवटचा भक्कम आधार उरला.

तो आधारही त्या काळी डळमळीत झालेला होता. १९८५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिलेले मानसचे अरण्य १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अशांततेच्या भोवऱ्यात सापडले. वनखात्याच्या चौक्या ओस पडल्या, शिकार बोकाळली, तेथील गेंड्यांचा समूळ नाश झाला. १९९२ मध्ये युनेस्कोने मानसची नोंद ‘संकटग्रस्त’ वारसास्थळांच्या यादीत केली. ती २०११ पर्यंत तशीच होती. एका जातीची सारी पुंजी एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाणच असुरक्षित, अशी ती परिस्थिती होती.

सहाचे मुद्दल

या प्राण्याबद्दल विलक्षण आस्था असलेल्यांत जेराल्ड ड्युरेल हे प्रसिद्ध लेखक व प्राणिप्रेमी होते. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर त्यांनी दुर्मीळ प्राण्यांच्या संवर्धनासाठी संस्था उभारली होती. जानेवारी १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांची संस्था, आसामचे वनखाते, भारत सरकारचे पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेचा रानडुकरांविषयीचा तज्ज्ञगट यांच्या सहकार्यातून या प्राण्यासाठी संवर्धन कार्यक्रम आकाराला आला. डॉ. गौतम नारायण आणि पशुवैद्यक डॉ. पराग ज्योती देका ही या कार्याशी दीर्घकाळ निगडित असलेली नावे. पुढे आरण्यक या आसाममधील संस्थेचेही साहाय्य त्यास लाभले.

१९९६ मध्ये मानसमधून सहा डुकरे पकडण्यात आली. दोन नर आणि चार माद्या. गुवाहाटीच्या वसिष्ठ भागातील केंद्रात त्यांना ठेवण्यात आले. अवघ्या सहा जिवांवर एका जातीचे भवितव्य सोपवणे हे धाडसच होते. एखादा साथीचा रोग आला असता, किंवा युरोपातल्यासारखा अनुभव पुन्हा आला असता, तर? परंतु पकडलेल्या माद्यांपैकी काही गाभण होत्या. त्या व्यायल्या, पिल्ले जगली आणि मुद्दल वाढू लागले.

मुद्दल लहान असले की एक वेगळी अडचण उभी राहते. मोजक्याच पूर्वजांची संतती पुन्हा पुन्हा आपसात जोडली गेली, तर वंश दुबळा होतो. म्हणून प्रत्येक डुकराच्या आईवडिलांची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी लावायची, आणि कोणाची लावायची नाही, हे त्या वंशावळीच्या नोंदवहीवरून ठरते. पुढील काळात मानसमधूनच आणखी मोजकी जंगली डुकरे आणून नव्या रक्ताची भर घालण्यात आली. संख्या वाढवणे हे काम तुलनेने सोपे; वाढीचा दर्जा राखणे हे कौशल्याचे.

सारी जोखीम एकाच जागी राहू नये म्हणून नामेरीजवळ पोतासाली येथे दुसरे केंद्र उभारण्यात आले. या दूरदृष्टीचे मोल २०२० मध्ये कळले. त्या वर्षी आसाममध्ये पाळीव डुकरांत आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा जीवघेणा रोग पसरला. हा रोग केंद्रात शिरला असता, तर पंचवीस वर्षांची मेहनत काही दिवसांत मातीमोल झाली असती. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी निर्जंतुकीकरणाचे आणि ये-जा रोखण्याचे कडक नियम पाळले. ज्या काळात माणसे स्वतः साथीच्या भीतीने घरात बंद होती, त्याच काळात ही दुसरी साथ डुकरांपासून दूर ठेवण्याची धडपड चालली होती. तो धोका अद्याप पुरता टळलेला नाही.

रानाकडे परत

केंद्रात वाढलेल्या प्राण्याला एकदम रानात सोडले, तर तो टिकत नाही. आयते अन्न खाण्याची आणि माणसाला न घाबरण्याची सवय त्याच्या जिवावर उठते. त्यासाठी येथे टप्प्याटप्प्याने जाणारी पद्धत अवलंबली जाते. सोडण्यासाठी निवडलेली तरुण डुकरे प्रथम पोतासाली येथे रानासारखेच गवत वाढवलेल्या मोठ्या कुंपणात सुमारे पाच महिने ठेवली जातात. तेथे माणसाचा सहवास शक्य तितका कमी केला जातो. डुकरे स्वतः कंद उकरू लागतात, घरटी बांधू लागतात. त्यानंतर त्यांना प्रत्यक्ष रानात, विजेच्या सौम्य झटक्याच्या कुंपणाने सुरक्षित केलेल्या जागेत दोन-तीन दिवस ठेवतात. मग एके दिवशी कुंपण उघडले जाते आणि ती गवतात निघून जातात.

२००८ मध्ये सोनाई-रूपाई अभयारण्यात १६ डुकरे अशा रीतीने प्रथम सोडण्यात आली. पुढे ओरांग राष्ट्रीय उद्यानात २०११ ते २०१५ या काळात ५९ डुकरे सोडली गेली. २०१६ पासून बर्नदीची पाळी आली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जेथील वणव्यातून हा प्राणी जगासमोर आला होता, तेथूनच तो मध्यंतरी नाहीसा झाला होता. आता तो पुन्हा तेथे पोचला. २०२० मध्ये मानसमध्येही डुकरे सोडण्यास आरंभ झाला. जेथून सहा जीव उसने घेतले, तेथे त्यांच्या वंशजांची ही परतफेडच होती. २०२० पर्यंत चार ठिकाणी मिळून १३० डुकरे रानात गेली होती आणि त्यानंतरही हे काम चालू राहिले.

त्यांतील ओरांगचा अनुभव विशेष आशादायक आहे. तेथे सोडलेल्या डुकरांची संख्या दुपटीहून अधिक झाल्याचा अंदाज आहे. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत पूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ असलेली ही जात आता ‘संकटग्रस्त’ या एक पायरी बऱ्या श्रेणीत आहे. आपल्या देशातील वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिला पहिल्या परिशिष्टाचे, म्हणजे वाघाइतकेच, संरक्षण आहे.

खरी ठेव गवताची

एवढ्यावर ही कथा सुखान्त म्हणून संपवता आली असती. परंतु संवर्धन करणारेच सांगतात की केंद्रात डुकरे वाढवणे हा उपाय नव्हे, उपायासाठी मिळालेली मुदत आहे. रानात गवत नसेल तर केंद्रातील डुकरे कोठे सोडायची?

गवताचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. हिवाळ्याच्या अखेरीस गवत वाळते आणि ते जाळण्याची प्रथा जुनी आहे. गुराख्यांना गुरांसाठी कोवळा चारा हवा असतो. वनखात्यालाही गेंडे, हरणे यांच्यासाठी नवे कोंब हवे असतात, शिवाय झाडोऱ्याचे आक्रमण थोपवायचे असते. परंतु संपूर्ण रान एकदम जाळले, तर त्यात घरटी करून राहणाऱ्या बुटक्या रानडुकराला निवारा उरत नाही. भक्ष्य म्हणून ते उघडे पडते, किंवा १९७१ सारखे पळ काढते. मग आग पूर्णपणे बंद करावी काय? तसे केले तर गवतात झुडपे आणि झाडे शिरतात, काही वर्षांत गवताळ रानाचे झाडीत रूपांतर होते, आणि डुकराचे घर जाते ते जातेच.

यावर मार्ग आहे तो मध्यम. रानाचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, त्यांपैकी काहीच आलटून पालटून जाळायचे, आणि उरलेले उंच गवत आसऱ्यासाठी राखायचे. कोणता तुकडा केव्हा जाळायचा याचे वेळापत्रक पाळायचे. वरकरणी हे काम किरकोळ भासते. प्रत्यक्षात वनरक्षक, गुराखी आणि छपरासाठी गवत कापणारे गावकरी या सर्वांचा मेळ घातल्याशिवाय ते साधत नाही. ज्याच्या घराचे छप्पर गवताचे आहे आणि ज्याची गाय उन्हाळ्यात चाऱ्यावाचून उपाशी आहे, त्याला केवळ कायदा दाखवून भागत नाही. म्हणूनच रानाच्या कडेला असलेल्या गावांना बरोबर घेणे हा या कार्याचा अविभाज्य भाग मानला जातो.

या गवतात एकटे डुक्करच राहत नाही. बंगाली तणमोर, खरखरीत केसांचा दुर्मीळ ससा, बारशिंगा, रानम्हैस, गेंडा आणि वाघ यांचाही तोच आसरा आहे. गेंडा थोड्याफार बिघडलेल्या रानातही तग धरतो. बुटके रानडुक्कर तग धरीत नाही. त्यामुळे जेथे ते सुखाने नांदते, तेथील गवत निरोगी आहे असे खुशाल समजावे. ते नाहीसे झाले, तर गेंडा डोळ्यांपुढे उभा असूनही रान आजारी पडले आहे हे जाणावे.

रानात आज या जातीची फार तर काही शेकडा डुकरे असावीत. त्यांना सोडणाऱ्यांना ती पुन्हा क्वचितच दिसतात. कुंपण उघडले की काही क्षणांत ती गवतात दिसेनाशी होतात. पुढे रानात पायी हिंडून खुरांचे ठसे, उकरलेली माती, लेंड्या यांचा शोध घ्यायचा, आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे तपासायचे, एवढेच हाती राहते. आणि मग एखाद्या पावसाळ्याआधी, ज्या जागी कोणी डुक्कर सोडले नव्हते अशा जागी, गवताखाली नीट अंथरलेले, ताजे छप्पर घातलेले एखादे घरटे सापडते. केंद्रात कधीही न राहिलेल्या, रानातच जन्मलेल्या डुकराने ते बांधलेले असते. सहा जिवांच्या ठेवीवर जमा झालेले हे व्याज. ते पुढेही जमा होत राहावे, यासाठी त्या घरट्यावरचे गवत मात्र जागच्या जागी राहायला हवे.